पट्टी का निसटली? कापूस वेचणीच्या पहिल्या ॲप्रनचं प्रकरण

हे प्रकरण वर्धा जिल्ह्यातल्या, हिंगणघाटकडच्या एका खेड्यातलं आहे. शिकणारी पंचविशीतली सून. शिवणाचा अनुभव म्हणाल तर ब्लाउजला हूक लावणं नि नवऱ्याच्या पँटची उसवलेली शिवण हातानं घालणं, एवढाच. मी गावात शिवणवर्ग घेते. वर्गात पहिल्यांदा बाजाराची पिशवी, मग उशीची खोळ, मग झबलं असा क्रम असतो. हिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "काकू, मले पिशवी नोको, वेचणीचा ॲप्रन शिवाचा हाये."

मी होकार दिला, कारण मागणी चांगली होती. शिकाऊ बाईला स्वतःच्या गरजेची वस्तू शिवायची असेल तर ती उसवायला कंटाळत नाही. शिवाय ॲप्रन हा नवख्या हातासाठी खरंच बरा. बाही नाही, मुंढा नाही, काखेचा घोळ नाही, मापात इंचभर इकडचं तिकडं झालं तरी अंगावर बसतो. फक्त हा ॲप्रन स्वयंपाकघरातला नव्हता. स्वयंपाकघरातल्या ॲप्रनला हळदीचे डाग नि तेलाचे शिंतोडे झेलायचे असतात. या ॲप्रनला वजन झेलायचं होतं, आणि पुढचं सगळं त्यामुळे घडलं.

आधी काय चालायचं

आपल्याकडे वेचणीला बाया साडीवर पुरुषाचा लांब बाह्यांचा शर्ट घालतात, डोक्याला रुमाल बांधतात आणि जुन्या साडीचं किंवा धोतराचं फडकं झोळीसारखं अंगाला बांधतात. दोन टोकं कमरेला, दोन खांद्यावरून मानेमागं. कापूस जसजसा भरत जातो तसतशी मानेवरची गाठ रुतत जाते. वेचणीची मजुरी किलोवर, त्यामुळे झोळी अर्धी असताना रिकामी करायला शेताच्या टोकाला जाणं कुणालाच परवडत नाही. ती तुडुंब होईपर्यंत बाई ओळीतच असते. या सुनेच्या सासूच्या मानेवर त्या गाठीचा काळपट वळ कायमचा उमटलेला आहे. सुनेला ॲप्रन हवा होता तो त्या वळामुळे.

फडक्याची दुसरी अडचण तिला माहीत नव्हती, ती मी सांगितली. साड्या बहुतेक नायलॉनच्या किंवा पॉलिस्टरच्या, रंगीत. काठ फाटका असला की धागे सुटतात आणि कापसात मिसळतात. जिनिंगमध्ये सरकी निघते, पण असा धागा रुईबरोबर, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाबरोबर, दाबून बांधलेल्या गाठीत जातो, गिरणीत सुतात शिरतो, आणि कापड रंगवल्यावर दिसतो, कारण कृत्रिम धाग्यावर सुताचा रंग चढत नाही. खताच्या पोत्यांचे पांढरे पट्टे तर सगळ्यात वाईट. ते इतके बारीक चिरतात की डोळ्यांना सापडत नाहीत. म्हणून कापूस सुती कापडात वेचा, सुती पोत्यात भरा, केस झाकून घ्या, असं नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेपासून गावातल्या कृषी सहायकापर्यंत सगळे सांगत असतात. सांगणं सोपं आहे. सुती फडकं विकत घ्यावं लागतं, खताचं पोतं घरात फुकट पडलेलं असतं.

सासूचाही पहिला सल्ला तोच होता. "युरियाच्या पोत्याचा कर ना वं, जनमभर फाटाचा नाही." तिचं म्हणणं मजबुतीच्या हिशेबानं बरोबर होतं. कापसाच्या हिशेबानं नव्हतं.

कापड नि बेत

घेतलं कोरं मांजरपाट, म्हणजे साधं जाडंभरडं सुती कापड, 36 इंच पन्हा (रुंदी), सव्वादोन मीटर, म्हणजे साडेअठ्ठ्याऐंशी इंच. कोरंच, म्हणजे बिनरंगाचं. चुकून एखादा धागा कापसात पडलाच तर निदान तो सुती आणि पांढरा असावा.

कापड आणलं त्याच संध्याकाळी तिला कात्री चालवायची होती. ते मी करू दिलं नाही. कोऱ्या मांजरपाटात खळ असते. ते रात्रभर पाण्यात भिजवायचं, सकाळी चोळून धुवायचं, सावलीत वाळवायचं. धुतल्यावर लांबी 84 इंच भरली आणि पन्हा 35. म्हणजे लांबीत साडेचार इंच गेले. हेच आधी शिवून मग धुतलं असतं तर पट्ट्या आखडल्या असत्या, पिशवीचं तोंड वाकडं झालं असतं, आणि बाईनं मशीनला दोष दिला असता. नवीन कापड पाण्यात घालायचं जिवावर येतं, हे मला कळतं. तरी घालावं.

कापायच्या आधी काठ सरळ करायचा. दुकानदार कापड टर्रकन फाडतो किंवा डोळ्यांनी अंदाज घेत कापतो, आणि तो काठ क्वचितच धाग्यात असतो. काठाजवळचा एक आडवा धागा सुईच्या टोकानं उचलायचा, चिमटीत धरून हळूहळू ओढायचा. कापडात बारीक चुण्या पडत जातात, धागा निघाला की त्याच्या जागी एक विरळ रेघ उरते. त्या रेघेवरून कात्री. हिनं धागा ओढता ओढता दोनदा तोडला, पुन्हा टोक शोधलं, पुन्हा ओढला. सगळ्या कामात तिला सर्वांत आवडलेली गोष्ट ही, असं ती नंतर म्हणाली.

बेत असा ठरला:

अंग (ॲप्रनचा मुख्य भाग): 26 इंच रुंद, 34 इंच लांब.
पिशवी (अंगावर पुढून लावायची, कापूस भरायला): 32 इंच रुंद, 20 इंच उंच.
पट्ट्या चार: प्रत्येकी 4 इंच रुंद, 42 इंच लांब. दोन खांद्याच्या, दोन कमरेच्या.

चारही पट्ट्या लांबीकडून काढल्या, 84 इंचाच्या दोन पट्ट्या मधोमध कापून. कापडाचा उभा धागा कमी ताणतो, म्हणून वजन उचलणारं जे काही असेल ते उभ्या धाग्यावर कापायचं. पिशवी मात्र आडवी टाकली, नाहीतर ती पन्ह्यात बसली नसती. पिशवीला आडवा धागा चालतो, थोडी ताणली तरी बिघडत नाही. असं मांडल्यावर 26 अधिक 4 अधिक 4 म्हणजे 34 इंच पन्हा वापरात आला आणि खाली 18 इंच लांबीचा तुकडा उरला. तो पुढं कामाला आला.

छातीचा भाग निमुळता हवा म्हणून अंगाच्या वरच्या दोन कोपऱ्यांतून तिरपे तुकडे कापले: वरून साडेसहा इंच आत, बाजूनं दहा इंच खाली. पुस्तकात इथं गोलाई दाखवतात. गोलाईची कड नीट दुमडत नाही, तिला उरेब पट्टी, म्हणजे तिरप्या धाग्यावर कापलेली पट्टी, लावावी लागते, आणि उरेब पट्टी हा दुसऱ्या महिन्याचा धडा आहे. नवख्या माणसानं सरळ तिरपा काप घ्यावा. अंगावर काही वाईट दिसत नाही.

मशीनवर

वर्गातलं मशीन पायानं चालवायचं. पहिल्या दिवशी दोरा न ओवता, वहीच्या रेघांच्या कागदावर नुसती सुई चालवायची. पाय उलटा पडला की चाक उलटं फिरतं आणि दोरा असला तर गुंता होतो, म्हणून हा कागदाचा प्रकार. तिचा पाय लवकर बसला. खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं होत होतं, त्यावर ती खालच्या दोऱ्याची बॉबिन काढघाल करत बसली. खालचं जाळं बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यामुळे होतं. दोरा टेंशनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण धरणाऱ्या, दोन चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो. दाबपट्टी वर करून दोरा पुन्हा ओवला की काम झालं.

पिशवीच्या वरच्या काठाला दीड इंचाची दुमड. खालच्या काठाला दोन्ही बाजूंना दोन-दोन चुण्या, प्रत्येक चुणीत दोन इंच कापड, म्हणजे 32 चे 24 झाले. खाली 24 आणि वर तोंडाला 32, त्यामुळे पिशवीचं तोंड आपोआप उघडं राहतं. दोन्ही हातांनी वेचणाऱ्या बाईला तिसऱ्या हातानं पिशवी उघडून धरायला कुणी येत नाही. मग पिशवी अंगावर ठेवून अंगाच्या तिन्ही बाजूंची इंचभर माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेलं कापड, पुढं दोनदा वळवली आणि पिशवीच्या काठावर बसवून टीप मारली. कुठंही कच्चा काठ उघडा राहिला नाही. इस्त्री घरी नव्हती. मांजरपाट नखानं दुमडतं, नखानंच सगळ्या घड्या पाडल्या.

इथपर्यंत काम वर्गात झालं नि चांगलं झालं. एक बाजू किंचित डगमगली होती, ती मी तशीच ठेवायला सांगितली. दिसण्यासाठी उसवायला लावलं की शिकाऊ बाई टीप सरळ आली का एवढंच बघत राहते.

छातीचे तिरपे काठ तिनं वर्गातच दुमडून घेतले. पट्ट्या लावायचं तेवढं राहिलं. दसरा होऊन गेला होता, सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीची शेतातली पूजा, झाली होती, घरचे थांबायला तयार नव्हते. पट्ट्या तिनं चुलत जावेच्या मशीनवर घरीच लावल्या.

पट्टी निसटली

तिसऱ्या दिवशी दुपारी पिशवी भरलेली असताना ती धुरा, म्हणजे शेताचा बांध, ओलांडत होती. एक पाय वर, अंग पुढं झुकलेलं. उजव्या खांद्याची पट्टी छातीवरून सुटली, ॲप्रन एका अंगावर लोंबला आणि निम्म्याहून जास्त कापूस धुऱ्यावरच्या गवतात सांडला. गवतातून उचललेल्या कापसात कुसळं नि पाला आला, त्यावर शेतमालक बोलला. सासू म्हणाली, "म्या म्हणलंच होतं, फडकंच बरं."

संध्याकाळी ती ॲप्रन घेऊन आली. तिचं निदान तयार होतं: दोरा कच्चा निघाला, पक्कं रीळ द्या.

अशा वेळी फाटलेली जागा उजेडात धरून बघायची आणि एकच गोष्ट तपासायची: तुटला तो दोरा की फाटलं ते कापड? दोरा तुटला असेल तर दोरा किंवा टेंशन बघायचं. कापड फाटलं असेल तर दोऱ्याचा दोष नाही. इथं पट्टीच्या टोकाला दोरा अख्खा होता, टाके जसेच्या तसे होते, आणि त्या टाक्यांत अंगाच्या कापडाची बारीकशी फीत अडकून आली होती. कापड टिपेच्या रेघेवरच फाटलं होतं, पोस्टाचं तिकीट भोकांवरून फाटावं तसं.

तिला विचारत विचारत मागं गेल्यावर सगळं उलगडलं. पट्टी लावायची होती ती छातीच्या वरच्या दुमडीवर. तिथं दुमडीचे तीन पदर आणि पट्टीचे चार, म्हणजे सात. जावेच्या मशीनला 14 नंबरची सुई होती, सात पदरांना बारीक पडणारी. सात पदरांवर आली की मशीन अडायचं, टाका सुटायचा, एकदा सुई वाकली. मग तिनं पट्टी थोडी खाली, दुमड संपते तिथं लावली, एकेरी कापडावर. तिथं मशीन छान चाललं. वर मजबूत व्हावी म्हणून टाका अगदी बारीक केला आणि त्याच रेघेवरून चार वेळा पुढं-मागं टीप मारली.

तिच्या हातून एकही गोष्ट आळसानं झालेली नव्हती. उलट प्रत्येक ठिकाणी तिनं जास्तच काळजी घेतली होती. पण बारीक टाका म्हणजे इंचभरात जास्त भोकं, आणि त्याच रेघेवर चारदा गेल्यावर भोकाला भोक लागतं. एकेरी मांजरपाटात तेवढी भोकं पाडली की ते फाटायला निमित्तच हवं असतं. ते निमित्त धुऱ्यावर मिळालं.

सुईचा नंबर आणि सांडलेला कापूस यांचा संबंध तिला पटायला वेळ लागला. मला वाटतं, अडचण मुळात इथं आहे: मशीन अडलं की नवखी बाई कापडाची जागा बदलते, सुई बदलत नाही. सुई बदलणं हे मिस्त्रीचं काम, असं तिच्या डोक्यात असतं. माझ्या वर्गात आता सुई काढणं-बसवणं कागदावरच्या टिपेच्याही आधी शिकवते. चपटी बाजू कुठल्या अंगाला येते तेवढं बघायचं, स्क्रू ढिला करायचा, वरपर्यंत सारायची, घट्ट करायची. पोळी उलटायला लागतो तेवढाच वेळ.

दुरुस्ती

सोपी दुरुस्ती अशी होती: 16 नंबरची जाड सुई लावायची, पट्टी वर दुमडीवर घ्यायची, मागून ठिगळ द्यायचं, लांबट चौकट शिवून तिच्यात फुली मारायची. ती चालली असती. पण मला ती जागाच पसंत नव्हती. सगळं वजन छातीच्या दोन कोपऱ्यांवर लोंबणार आणि मधलं कापड ताण खात राहणार. त्यातून तो तिरपा काठ. तिरप्या कापलेल्या कापडाला धागा आधार देत नाही, ते ओढलं की लांबतं. तीन दिवसांत तिच्या ॲप्रनचा उजवा तिरपा काठ डाव्यापेक्षा बोटभर लांब झालाही होता.

म्हणून पट्टी टोकाला लावायचीच नाही असं ठरवलं. तिरप्या काठाची दुमड उसवली. पट्टीची घडी अशी असते: दोन्ही काठ मध्यापर्यंत आत, मग पुन्हा अर्धी, इंचभर रुंद. ती घडी उघडून तिच्या पोटात तिरपा काठ सारला, कमरेच्या कोपऱ्यापासून वर छातीपर्यंत. तिरपा काठ बारा इंचांचा, पट्टी 42 ची, म्हणजे वर तीस इंच उरली. ती खांद्यावरून मागं जाते, पाठीवर दुसरीला फुली करून ओलांडते आणि समोरच्या कमरेपाशी पोचते. शेवटी तीन इंचांची घडी घालून कडं केलं, त्यातून कमरेची नाडी ओवायची. पहिल्या वेळी तिनं पट्ट्या तोकड्या केल्या नव्हत्या, लांब वाटल्या तशा गाठी मारून ठेवल्या होत्या, ते बरं झालं. टोकाचा फाटका भाग कमरेच्या कोपऱ्यात आत दडवला.

आता पट्टी कुठं संपतच नाही. वजन कमरेच्या कोपऱ्यातून पट्टीवर चढतं आणि खांद्यावर जातं. छातीचं कापड नुसतं मधे असतं. तिरपा काठ पट्टीच्या उभ्या धाग्यानं बांधला गेल्यामुळे लांबायचाही थांबला. सरळ काठ असल्यामुळे हे साध्या पट्टीनं जमलं. गोलाई घेतली असती तर इथं अडलो असतो.

जोर येतो तो कमरेच्या दोन कोपऱ्यांत, कारण तिथंच कमरेची नाडीही लागते. तिथं उरलेल्या तुकड्यातून तीन इंचांची चौकोनी ठिगळं, काठ दुमडून, मागून लावली. वरून चौकट आणि फुली. टाका मध्यम, इंचाला दहा-बारा. एका रेघेवरून दोनदा जायचं नाही, जायचंच तर शेजारून समांतर. जाड जागी पायडल सोडून द्यायचं आणि चाक हातानं फिरवायचं. एकेक टाका मोजून घेतल्यासारखा पडतो आणि सुई वाकत नाही.

नंतर

वेचणी जानेवारीपर्यंत चालली, पट्ट्या टिकल्या. दुसऱ्या तक्रारी आल्या. पिशवी फार खोल झाली होती. भरली की मांड्यांवर आपटायची आणि ओळीतून पुढं सरकताना पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, फांद्यांत अडकायची. तिनं मला न विचारता खालून तीन इंचांवर आडवी टीप मारून टाकली. कोपऱ्यात पालापाचोळा साठायचा तोही त्यामुळे कमी झाला. दुसरं म्हणजे मांजरपाट सकाळच्या दवानं ओलं व्हायचं आणि बराच वेळ ओलंच राहायचं. त्याला शिवणातला इलाज नाही, दव उडाल्यावर शेतात उतरायचं एवढाच. तसंही ओला कापूस कुणाला नको असतो. भारतीय कपास निगमच्या खरेदीत 8 ते 12 टक्के ओलावा चालतो, त्यावर गेला की माल परत. ॲप्रन रात्री घरात दोरीवर टाकायचा, कापसाच्या पुंजाण्यावर, म्हणजे ढिगावर, ठेवायचा नाही.

पिशवी खालून उघडता यावी, म्हणजे रिकामी करायला वाकावं लागणार नाही, अशी सासूची सूचना होती. कल्पना चांगली आहे. पण वजन बसतं ते तळाशीच, आणि तिथं उघडझाप करायची म्हणजे नाड्या, त्यांच्या जागा, पुन्हा ठिगळं. पहिल्या ॲप्रनला मी नाही म्हटलं.

दुसरा ॲप्रन सुनेनं सासूसाठी स्वतः बेतला. पिशवी 20 ऐवजी 17 इंच उंच, पट्टी पहिल्यापासून तिरप्या काठावर. सासू बुटकी, म्हणून पट्टीचं कडं दोन ठिकाणी, हवं ते वापरावं. सासूनं एकच मागितलं, छातीवर झाकणाचा खिसा, खर्ऱ्यासाठी, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या पुडीसाठी. मला तो आवडला नव्हता, पण विचार केल्यावर वाटलं, शेतात खर्ऱ्याची प्लास्टिकची पन्नी कापसात पडते ती ठेवायला जागा नसते म्हणूनच. खिसा डावीकडं लागला, उरलेल्या तुकड्यातून. काज करायला अजून शिकलेली नाही, त्यामुळे झाकणाला बटण नाही. झाकणच तीन इंच लांब ठेवून आत खोचायचं केलं आहे, आणि वाकल्यावर पन्नी बाहेर येत नाही, असं सासूचं म्हणणं आहे.